कोंबडीच्या कॅन्सरची लस

मी पशुवैद्य आहे असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गाय उभी राहते, फार तर कुत्रा. कोंबड्यांची डॉक्टर आहे म्हटलं की जेवणाचं ताट. लग्नकार्यात ओळख करून देताना माझ्या सासरची माणसं ‘या डॉक्टर आहेत’ एवढ्यावरच थांबायची. मग कुणीतरी गुडघेदुखीवर गोळी विचारायला यायचं आणि मला खरं सांगावं लागायचं. पुढचा प्रश्न ठरलेला असे : ‘‘कोंबडीला कशाला हो डॉक्टर? आजारी पडली तर कापायची!’’

त्यात तथ्य आहे. माझं निम्मं काम कापण्याचंच होतं. पुण्याजवळ पिरंगुटला राहून मी मुळशीच्या या पट्ट्यातल्या पोल्ट्रीच्या शेडवर उमेदीची सगळी वर्षं फिरले. स्कूटरच्या डिकीत कात्री, सुरी, हातमोजे, नमुन्याच्या बाटल्या आणि बर्फाचा डबा. शेडवर गेलं की बसायला एक पालथी बादली मिळायची. तिच्यावर बसायचं, मेलेली कोंबडी पुढ्यात घ्यायची आणि उघडून बघायची. एकेका कोंबडीला बरं करणं आमच्या कामात नसतंच. हजारो पक्ष्यांतला एक मेला, तर तो कशानं मेला ते शोधायचं आणि उरलेल्यांना तेच होऊ नये म्हणून धावपळ करायची. शेड हाच आमचा पेशंट. आणि शेडमध्ये रोग पसरायला लागला की औषधाला फारसा वाव राहत नाही, म्हणून आमचा सगळा भरवसा लशीवर.

लस म्हणजे काय, हे मी आयुष्यात इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतही सांगेन. रोगाचा जंतू मारून किंवा दुबळा करून, किंवा त्याचा नुसता एखादा तुकडा घेऊन तो शरीरात सोडायचा. रक्तात पहारा देणाऱ्या पेशी त्याला भेटतात, त्याचं रूप ओळखून ठेवतात आणि त्याला मारायची हत्यारं बनवायला शिकतात. या शिकण्याला वेळ लागतो. पुढे खरा जंतू आला की मात्र वेळ लागत नाही, कारण ओळख आधीच झालेली असते. बस्स, एवढंच. यातलं ‘वेळ लागतो’ हे लोकांच्या डोक्यात उतरवणं सगळ्यात अवघड.

शेजारच्या चांदे गावाकडे नव्या सोसायट्या झाल्या तेव्हा एका इंजिनिअर गृहस्थांनी बंगल्याच्या मागे सहा गावठी कोंबड्या पाळल्या. प्रत्येकीला नाव. त्यांना लस द्या म्हणून मी सुचवलं तर म्हणाले, ‘‘मॅडम, आम्ही नॅचरल इम्युनिटीवर विश्वास ठेवतो.’’ मी म्हटलं, ‘‘लस दिल्यावर जी येते तीही नॅचरलच असते. कोंबडीच बनवते ती, मी नाही बनवत.’’ ते हसले आणि त्यांनी मला हळद घातलेला काढा दाखवला. कोंबड्यांसाठी केलेला. त्या उन्हाळ्यात मानमोडी आली. हा रोग आला की कोंबडीची मान पिळवटते आणि ती आभाळाकडे बघत गोल गोल फिरते. सहातल्या पाच गेल्या. सहावी वाचली. तिच्या शरीरानं खऱ्या रोगाशी झुंजून ती ओळख मिळवली होती. नॅचरल इम्युनिटी म्हणतात ती हीच. त्या गृहस्थांची लहान मुलगी अंगणात रडत बसली होती. मला त्यांना काही ऐकवावंसं वाटलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच फोन करून लस मागवली.

पण मला सांगायचं आहे ते सुरेखाबद्दल.

घोटावड्याच्या वरच्या अंगाला बाळासाहेबांची शेड होती. अंड्यांच्या कोंबड्या, पाच-सहा हजारांचं काम. बाळासाहेब कागदोपत्री मालक. खाद्याची गाडी, व्यापारी, बँक हे त्यांच्याकडे. शेड चालवायची ती त्यांची बायको सुरेखा. पाण्याच्या नळ्या स्वच्छ आहेत का, कुठल्या कोपऱ्यात पक्षी गर्दी करून बसलेत, आज आवाज कमी का आहे, हे तिला विचारायचं. घरात तिची सासू होती, तेरा वर्षांची मुलगी ईश्वरी होती आणि थोरली जाऊ मंदाआक्का. मंदाआक्का विधवा. दोघी जावा मिळून शेड बघायच्या. मी गेले की एक बादली पालथी घालायची आणि दुसरी चहा टाकायची.

मध्ये बरेच महिने मला तिकडून बोलावणं आलं नाही. मग एक दिवस बाळासाहेबांचा फोन आला.

‘‘मॅडम, तलंगा लंगडायला लागल्यात. आज सकाळी धा-बारा पडल्यात.’’

तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची तरणी कोंबडी. मी गेले. शेडच्या दारातूनच दिसलं ते मला आवडलं नाही. एक तलंग जमिनीवर पसरली होती, एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. डोळे टवटवीत, खायचं होतं तिला, पण उठता येत नव्हतं. आमच्या विद्येत काही चित्रं अशी आहेत की एकदा पाहिली की पुस्तक उघडावं लागत नाही.

बादली सुरेखानं आणून ठेवली. चहा टाकायला कुणी नव्हतं. मी विचारलं, ‘‘मंदाआक्का?’’

‘‘गेली. दोन महिनं झालं.’’

एवढंच म्हणाली आणि तिनं मेलेली कोंबडी माझ्यापुढे ठेवली. कामाच्या वेळी ती बोलत नसे, म्हणून मीही काही विचारलं नाही. बाळासाहेब पाठीशी उभे होते.

मी कोंबडी उघडली. काळीज, म्हणजे यकृत, सुजलेलं, त्यावर पांढरट गाठी. मांडीतून जाणारी नस एका बाजूला दोऱ्यासारखी बारीक, दुसऱ्या बाजूला सुतळीसारखी जाड. मग मी शेपटीखाली बघितलं. तिथे कोंबडीला सुपारीएवढी एक पिशवी असते. आजारांशी लढणाऱ्या पेशींचा एक मोठा वर्ग तिथे तयार होतो. माणसाला ही पिशवी नसते, आपल्याकडे ते काम हाडांच्या मगजात चालतं. पण त्या पेशींचा पत्ता पहिल्यांदा लागला तो कोंबडीच्या या पिशवीमुळे, आणि माणसांच्या डॉक्टरांनी त्यांना ‘बी’ पेशी हे नाव दिलं तेही या पिशवीच्याच शास्त्रीय नावावरून. मला याचा उगाचच अभिमान आहे.

गाठी दिसल्या की ही पिशवी बघावीच लागते, कारण कोंबड्यांत गाठींचे दोन वेगळे रोग आहेत आणि पिशवी बघून फरक कळतो. मी सवयीनं मोठ्यानं बोलत होते, ‘‘पिशवीत गाठ नाही. पिशवी आक्रसली आहे. म्हणजे हा पिशवीचा कॅन्सर नाही, हा मॅरेक.’’

माझ्या पुढ्यात धरलेलं घमेलं खाली आपटलं. सुरेखाच्या हातातून सुटलं होतं.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘मॅरेक. कोंबड्यांचा एक रोग आहे.’’

‘‘त्याच्या आधी काय म्हणालात?’’

बाळासाहेब पटकन म्हणाले, ‘‘मॅडम कोंबडीचं बोलत्यात. तू जा, पानी आण.’’

ती गेली. बाळासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘वहिनीला तेच झालं हुतं. पिशवीचा कॅन्सर. लई हाल झालं.’’

गावात गर्भाशयाला पिशवी म्हणतात हे मला माहीत होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही.

पाणी घेऊन सुरेखा परत आली तेव्हा बाळासाहेबांचा पारा चढलेला होता. मॅरेकची लस पिल्लाला पहिल्या दिवशी हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच देतात, मानेच्या कातडीखाली. तशी दिल्याचं हॅचरीनं सांगितलं होतं.

‘‘लस दिलेली हाय की मॅडम! पैसं घेत्यात लशीचं. मग ह्ये काय? लस खोटी दिली त्यांनी. मी सोडायचा न्हाई.’’

लस खराब निघू शकते. ही लस नळकांड्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, कल्पना करवणार नाही इतक्या थंडीत ठेवतात. एकदा बाहेर काढली की तासाभरात संपवावी लागते. कुठे हयगय झाली तर पिल्लाला नुसतं पाणी टोचल्यासारखं. पण हॅचरीवर बोट ठेवायच्या आधी मला शेड बघायची होती. त्याच हॅचरीची, त्याच दिवशी फुटलेली पिल्लं दुसरीकडेही गेली होती. तिथे फोन केला. तिथले पक्षी ठीक होते.

‘‘पिल्लं आली तेव्हा कुठे ठेवली होती?’’ मी विचारलं.

‘‘हितंच. पडदं लावून, बल्ब लावून.’’

‘‘आधीच्या कोंबड्या काढून किती दिवस झाले होते?’’

बाळासाहेबांनी सुरेखाकडे बघितलं. सुरेखा म्हणाली, ‘‘काढल्याच नव्हत्या समद्या. पलीकडच्या अंगाला हुत्या. गादी बी काढली नव्हती ह्या बाजूची. वरनं नवं तूस टाकलं.’’

जमिनीवर भाताच्या तुसाची जी गादी असते तिच्याबद्दल ती बोलत होती. दर खेपेला ती गादी उचलायची, शेड धुवायची, चुना मारायचा, औषधाची फवारणी करायची आणि महिनाभर तरी शेड रिकामी ठेवायची, हे सगळं तिला माझ्याइतकंच पाठ होतं. तिच्या हातून हे कधी चुकलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं.

‘‘आक्काला घेऊन पुण्याला जावं लागायचं,’’ ती म्हणाली. ‘‘शेक चालू हुता. रोजचं जायचं. पिल्लं आधीच सांगितलेली, ती आली. शेडकडं बघायला कुनीच नव्हतं.’’

शेक म्हणजे रेडिएशन. मला सगळं कळलं.

मॅरेकचा विषाणू कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि पिसांच्या धुळीतून उडतो. त्या धुळीत तो महिनोन् महिने जिवंत राहतो. शेडच्या जाळीवर, बल्बवर, गादीत, सगळीकडे. पिल्लानं श्वास घेतला की आत. तिथून तो नेमका त्या पहारा देणाऱ्या पेशींमध्येच शिरतो, आणि पुढे त्यातल्याच काही बिघडून बेलगाम वाढायला लागतात. ज्यांनी रक्षण करायचं त्यांच्याच गाठी होतात, काळजात आणि नसांत. लस दिली की पिल्लाचं शरीर या विषाणूला आवरायला शिकतं, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. तो आठवडा पिल्लू स्वच्छ जागेत राहायला हवं. इथे पिल्लं खोक्यातून उतरली ती थेट धुळीत.

मी ते जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘‘लस खोटी नव्हती, बाळासाहेब. तिला वेळ मिळाला नाही.’’

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि ते बाहेर निघून गेले. चूक कुणाची म्हणायची? कुणाचीच नव्हती, आणि त्यामुळेच ते जास्त जड होतं.

सुरेखा जागची हलली नाही.

‘‘मॅडम, खरं सांगा. कोंबडीला कॅन्सर हुतो?’’

‘‘होतो.’’

‘‘आन् त्याची लस हाय?’’

‘‘आहे. माझ्या शिक्षणाच्या आधीपासून आहे. तू इतकी वर्षं पिल्लं घेतलीस, प्रत्येकाला दिलेली होती.’’

‘‘मला कुनी सांगितलं न्हाई ती कॅन्सरची हाय म्हणून. मॅरेक मॅरेक म्हनायची समदी.’’ तिनं त्या उघड्या कोंबडीकडे बोट केलं. ‘‘कोंबडीला असती, मग मानसाला का न्हाई?’’

मी हातमोजे काढले. हे माझं क्षेत्र नव्हतं. पण तिचा प्रश्न इतका नेमका होता की ‘मला माहीत नाही’ म्हणणं खोटं ठरलं असतं.

‘‘सगळ्या कॅन्सरना नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पण मंदाआक्कांना जो झाला, पिशवीच्या तोंडाचा, त्याला आहे. तोही बहुतेक वेळा विषाणूमुळेच होतो.’’

‘‘आत चला,’’ ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं दार लोटून घेतलं आणि मला पाट दिला. चहा ठेवला. मग बोलली. मंदाआक्काच्या अंगावरून जात होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी शेवटी आक्का शेडमध्ये येऊन नुसती बसायची, तिला कोंबड्यांचा आवाज बरा वाटायचा. हे सांगताना सुरेखा रडली नाही. गॅस बारीक केला, कपात चहा ओतला आणि विचारलं, ‘‘ही लस कवा द्यायची असती?’’

मी तिला मला ठाऊक होतं ते सांगितलं. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो. पुष्कळ बायकांना कधी ना कधी लागतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला ओळखून दोन-एक वर्षांत घालवूनही देतं, त्यांना पत्ताही लागत नाही. थोड्याजणींच्या बाबतीत शरीराला ते जमत नाही. विषाणू तिथेच दडून राहतो आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर उभा राहतो. लस मुलींना लहानपणी देतात, नऊ वर्षं पुरी झाल्यापासून. संबंध यायच्या कितीतरी आधी.

‘‘म्हंजी पिल्लू धुळीत उतरायच्या आधी,’’ सुरेखा म्हणाली.

माझ्या इतक्या वर्षांच्या समजावण्यात मला असं एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

‘‘आन् ज्याला झालाय त्याला दिली तर?’’

‘‘नाही उपयोग. ही लस अडवते, बरं करत नाही.’’

तिनं मान हलवली. आक्काचा विचार ती तिथे संपवून टाकत होती असं मला वाटलं.

आता सोपं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मी पिरंगुटच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुरेखाला दिलं. त्या माणसांच्या डॉक्टर आणि ही लस देत. सरकारी मोहीम तेव्हा आमच्याकडे पोचलेली नव्हती. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा घरात भांडण झालेलं होतं. बाळासाहेब मला बघताच म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी कोंबड्यांचं बघा. पोरीचं आमी बघतो.’’

ते मला लागलं नाही असं नाही, पण माणूस बरोबरच बोलत होता. ओट्यावर त्यांची आई बसली होती. ती म्हणाली, ‘‘लगीन व्हायच्या आत पोरीला असलं इंजेक्शान? उद्या पोर-बाळ झालं न्हाई तर? लोक काय म्हनतील, हिला कशापायी दिलं?’’

‘‘पोरबाळ न होण्याचा त्याच्याशी संबंध नाही, आजी,’’ मी म्हटलं.

‘‘आन् लस काय करती ते बघतोय न्हवं आमी!’’ बाळासाहेबांनी शेडकडे हात केला. ‘‘रोज पंधरा-वीस टाकतोय खड्ड्यात. त्यास्नी बी दिलीच हुती लस.’’

याचं उत्तर मी आधीच दिलं होतं, आणि रोज खड्ड्याशी उभं राहणाऱ्या माणसाला तेच पुन्हा ऐकवण्यात अर्थ नसतो. सुरेखा घमेलं घेऊन उभी होती. ईश्वरी दप्तर घेऊन दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि आत गेली.

मॅरेकवर औषध नाही. लंगड्या तलंगा वेगळ्या काढायच्या, बाकीच्यांचं खाणं-पाणी सांभाळायचं आणि वाट बघायची. मी दर आठवड्याला जात होते. साधारण चौथा हिस्सा पक्षी गेले. मग एकदम मरणं कमी झालं, आणि उरलेल्या अंड्यावर आल्या. पहिली अंडी नेहमीसारखीच लहान, कवचावर रक्ताचा एखादा ठिपका. सुरेखानं मला त्यातली डझनभर दिली. ‘‘खाल्ली तर चालत्यात न्हवं?’’ शेजारच्या बाईनं विचारलं. हा रोग माणसाला होत नाही, हे मी त्या महिन्यात कितव्यांदा सांगत होते कोण जाणे.

त्याच सुमाराला एक कोंबडी जाळीत मान अडकून मेली. चांगली धष्टपुष्ट. बाळासाहेब ती हातात धरून आले. ‘‘ही तर लंगडी न्हवती. बघा जरा.’’ त्यांना शंका होती की रोग पुन्हा निघाला.

मी बादलीवर बसले आणि उघडली. काळीज तांबूस, गुळगुळीत. दोन्ही मांड्यांच्या नसा सारख्या, पांढऱ्या, चमकदार. पोटात अंड्यांचे पिवळे बलक लहानमोठे ओळीनं तयार. मी बाळासाहेबांना वाकून बघायला लावलं.

‘‘हिला रोग लागलाच न्हवता म्हंजी.’’

‘‘लागला होता. ही त्याच शेडमध्ये वाढली, तीच धूळ हिच्या नाकात गेली. विषाणू हिच्या अंगात आत्ताही असेल. पण हिच्या शरीरानं त्याला गाठ करू दिली नाही.’’

‘‘कशानं?’’

‘‘हिच्या बाबतीत लशीला वेळ मिळाला. ही कदाचित पडद्यांच्या आत एखाद्या कोपऱ्यात होती, धूळ कमी होती. दोन दिवस इकडेतिकडे झाले की निकाल बदलतो. त्या सगळ्यांना लस दिली नसती ना, तर आज अंडी घालायला फार थोड्या उरल्या असत्या.’’

ते उकिडवे बसले. त्या काळजावर बोट ठेवून त्यांनी ते दाबून बघितलं, जणू माझ्यावर विश्वास असला तरी बोटाला विचारून घ्यावं. मग शेडमध्ये बघितलं, कोंबड्या आपापल्या नादात खात होत्या.

‘‘ह्या समद्या लशीवर जगल्यात म्हंजी,’’ ते म्हणाले.

त्यांनी पोरीचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

घरी नेमकं काय झालं ते सुरेखानं नंतर सांगितलं. त्या दिवशी जेवताना बाळासाहेबांनी आईला एवढंच विचारलं, ‘‘आई, ईश्वरीला न्यायचं का पिरंगुटला?’’ म्हातारी नाही म्हणाली. तेव्हा ईश्वरी, जी आतापर्यंत कुठल्याच बोलण्यात नव्हती, ती ताटावरून म्हणाली, ‘‘आजी, मोठ्या आईला मी डबा न्यायचे. तिच्या खोलीत किती वास यायचा ते तुला म्हाईत न्हाई. तू आत येतच नव्हतीस. मला नको तसलं मरण.’’

सुरेखा सासूला आत्या म्हणायची. ती म्हणाली, ‘‘आता आत्या हिला मारत्यात, असं वाटलं मला.’’

पण म्हातारीनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, ‘‘मंदानं मला सांगितलं हुतं पैल्यांदा. अंगावरनं जातंय म्हनून. मी म्हनलं, पाळी जाताना हुतंय, माझं बी गेलं.’’ आणि ताट बाजूला सारत, ‘‘घेऊन जा पोरीला.’’

बुधवारी दोघी मायलेकी पिरंगुटला गेल्या. सुरेखानं मला बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. ईश्वरीनं दंड पुढे केला आणि मान वळवून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली. सुई आत जाऊन बाहेर आली. ‘‘एवढंच?’’ ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या डोसची तारीख सांगितली, आणि मग सुरेखाकडे वळून विचारलं, ‘‘तुमची तपासणी कधी झाली?’’

‘‘माझी कसली?’’

‘‘पिशवीच्या तोंडाची. तिशी ओलांडली की करून घ्यायची असते. लस मुलीला, तपासणी आईला. मंदाबाई तुमच्याच घरच्या ना? मॅडमनी सांगितलं.’’

सुरेखानं माझ्याकडे बघितलं. तिला त्रास काहीच नव्हता. शेडवर परत जायची घाई होती, खाद्याची गाडी यायची होती. मी म्हटलं, ‘‘गाडी थांबेल.’’ ती पडद्याआड गेली.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ईश्वरीचा दंड जरा सुजला होता, अंग कोमट होतं. घाबरून विचारत होती. मी म्हटलं, ‘‘पेशी कामाला लागल्यात. उद्या उतरेल.’’ दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली.

सुरेखाच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा मात्र तिनं फोन केला नाही, ती स्वतः माझ्या घरी आली. पेशींमध्ये बदल दिसत होते. कॅन्सर नव्हता, पण कॅन्सरच्या वाटेवरचे होते. डॉक्टरीणबाईंनी तिला पुण्याला पाठवलं, मीही बरोबर गेले. दुर्बिणीतून पाहून पुण्याच्या डॉक्टरांनी तो एवढासा भाग काढून टाकला. ती त्याच दिवशी घरी आली. तपासायला पाठवलेल्या तुकड्यातही कॅन्सर निघाला नाही. पुढे दर काही महिन्यांनी तपासणी, आणि दातांना लावायची तंबाखूची मिश्री बंद. मिश्री लावण्यानं शरीराची ही लढाई कमजोर पडते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते तिला सगळ्यात कठीण गेलं. पुण्याहून परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, ‘‘आक्कालाबी आसंच हुतं आसंल न्हवं कवा तरी? एवढंसंच?’’

‘‘असेल,’’ मी म्हटलं.

मला तिचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. कोंबड्यांच्या डॉक्टरला असे प्रसंग फार येत नाहीत.

आज ती शेड नाही. सोसायट्या जवळ आल्या, माश्यांच्या आणि वासाच्या तक्रारी वाढल्या, बाळासाहेबांनी कोंबड्या बंद केल्या आणि तिथे एका ओळीत खोल्या बांधल्या. हिंजवडीत आणि आसपासच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या बाहेरगावच्या मुली राहतात. माझी निवृत्ती झाली त्याच वर्षाच्या आसपास हे झालं. मुळशीत आता माझ्या ओळखीच्या शेड बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. तरुण पशुवैद्य मला भेटतात ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर असतात. चांगलं काम आहे. त्यांना निदान आपल्या पेशंटचं नाव माहीत असतं.

सुरेखा ठणठणीत आहे. तपासणी चुकवत नाही. ईश्वरी पुण्यात कॉलेजला आहे. तिला म्हणे सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं आहे, बाळासाहेब म्हणतात त्यात नोकरी नसते. त्यांच्या आईनं शेवटपर्यंत स्वतःची तपासणी करून घेतली नाही, पण गल्लीतल्या सुना-नातींना पिरंगुटला धाडायचं काम मात्र चोख केलं.

परवा मी सहज गेले होते. सुरेखा एका नव्या मुलीला खोली दाखवत होती. मुलगी उत्तरेकडची, वीस-बावीसची, कानात हेडफोन. पाणी किती वेळ येतं, गेट किती वाजता बंद, हे सगळं सांगून झाल्यावर सुरेखा तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली, ‘‘और एक बात. वो कॅन्सरवाली सुई ली है क्या तूने? लडकियों की?’’

मुलीनं हेडफोन काढला. ‘‘कौन सी, आंटी?’’

सुरेखानं तिला दारातच उभं करून सगळं सांगितलं. विषाणू, शरीराची ओळख, वेळ लागणं, लवकर घेतली तर सगळ्यात बरी पण अजूनही घेता येते, आणि तिशीनंतरची तपासणी. काही चुकलं नाही. मुलगी आधी ओशाळली, मग ऐकायला लागली, मग तिनं मोबाइलमध्ये डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून घेतला.

‘‘आंटी, आप डॉक्टर हो?’’ तिनं विचारलं.

‘‘नहीं गं,’’ सुरेखा म्हणाली. ‘‘मैं मुर्गीवाली.’’